साध्या मजकुराची टाचणवही

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे शिक्षक शाळेच्या दप्तराची यादी करतो. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, जडवस्तू संग्रह, पोषण आहाराच्या नोंदी, कपाटाच्या किल्ल्या हे सारे मोजून, सही घेऊन तो नव्या माणसाच्या स्वाधीन करतो आणि चार्ज दिला असे म्हणतो. परंतु जी वस्तू सर्वांत मोलाची, ती या यादीत कोठेच नसते. तिसरीतला कोणता मुलगा हातच्याच्या वजाबाकीत अडतो, कोणती मुलगी मोठ्याने वाचताना जोडाक्षर गाळते, गावातील कोणत्या आजोबांस जात्यावरची व शेतावरची जुनी गाणी येतात, गेल्या वर्षी अपूर्णांक शिकविताना कोणती युक्ती लागू पडली व कोणती फसली, हे ज्ञान जाणाऱ्या शिक्षकाबरोबर निघून जाते. येणारा शिक्षक जून महिन्यात पुन्हा श्रीगणेशा करतो. दोन-तीन महिने चाचपडण्यात जातात, आणि ज्यास ते महिने परवडत नाहीत असा कच्चा विद्यार्थी तेवढा मागे पडतो.

भोर तालुक्यातील शिवरे हे पुणे-सातारा रस्त्यालगतचे गाव उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावे. अशा गावात भाताची शेती आहे, तसाच महामार्गाचा शेजारही आहे. कामधंद्यासाठी येणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्येच दाखल होतात व कधी मध्येच निघून जातात. तालुक्याच्या पश्चिमेकडील घाटमाथ्याच्या वाड्यांत याच्या उलट स्थिती असते. तेथे मुले थोडी, शिक्षक दोनच, आणि एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता. दोन्ही ठिकाणी शिक्षकास एकच गरज भासते : आपली नोंद नीट लावलेली असावी, पाहिजे तेव्हा सापडावी, आणि आपल्यामागून येणाऱ्यास वाचता यावी. ही गरज भागविणारे एक साधे व विनामूल्य साधन संगणकावर उपलब्ध आहे. त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू होय.

साधा मजकूर म्हणजे काय?

संगणकावर लिहिलेला मजकूर दोन प्रकारे साठविला जातो. पहिल्या प्रकारात अक्षरांबरोबर त्यांचा आकार, रंग, समास, चौकटी यांच्या पुष्कळ आज्ञा फाइलमध्ये गुंफलेल्या असतात. अशी फाइल ज्या कार्यक्रमात तयार झाली तो कार्यक्रम, किंवा त्याची रीत जाणणारा दुसरा कार्यक्रम, हाताशी असेल तरच ती यथास्थित उघडते. दुसऱ्या प्रकारात फाइलमध्ये अक्षरे, मोकळ्या जागा व ओळींचे शेवट यांखेरीज काहीही नसते. यास साधा मजकूर असे म्हणतात. कोणत्याही संगणकावरील नोटपॅडसारख्या लहानशा कार्यक्रमात तो उघडतो आणि भ्रमणध्वनीवरही वाचता येतो.

साध्या मजकुराचे वजनही फार थोडे असते. यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. एका पानावर सुमारे २,००० चिन्हे धरली तर एक पान ६,००० बाइटांचे झाले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरविले आहेत. रोज एक पान लिहिले तरी वर्षाच्या नोंदी १२ लाख बाइटांच्या आत, म्हणजे भ्रमणध्वनीने काढलेल्या एका छायाचित्राहूनही थोडक्या जागेत मावतात. जेथे जाळे क्षीण आहे व पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. एवढी फाइल क्षणात पाठविता येते व जुन्या संगणकावरही अडखळत नाही.

वाचता न येणाऱ्या लेखनाची गोष्ट

लेखन केले एवढ्याने ते टिकले असे होत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राने आपल्या इतिहासात दोनदा अनुभवली आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे मराठीचे आद्य गद्य पंथाबाहेरील वाचकांस शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी त्या लिपीची किल्ली शोधली, तेव्हा कोठे लीळाचरित्रासारखा ग्रंथ मराठी वाचकापुढे येऊ शकला. मोडी लिपीची गोष्ट निराळी. ती गुप्त लिपी नव्हती, घरोघरच्या व्यवहाराची लिपी होती. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून तिचे शिक्षण थांबले आणि दोन पिढ्यांत तिचे वाचक विरळ झाले. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल आजही आहेत, परंतु ते सोडून वाचू शकणारी माणसे थोडी आहेत. घरातील पेटीत आजोबांचे खरेदीखत आहे, पण ते वाचण्यासाठी मोडीचा जाणकार शोधावा लागतो, हा अनुभव खेड्यांत अजूनही येतो.

संगणकावरील मराठीनेही हाच प्रसंग पाहिला. आरंभीच्या काळात पुष्कळ मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो विशिष्ट टंक संगणकावर असेल तोवर मजकूर मराठी दिसे. टंक नसला की त्याच फाइलमध्ये अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटे. अशा रीतीने टंकित केलेल्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका व शाळांचे अहवाल आज अनेक ठिकाणी असून नसल्यासारखे झाले आहेत. पुढे भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच नोंदला जातो, दुसऱ्या लिपीच्या अक्षराचे सोंग तो घेत नाही. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेला साधा मजकूर हा आजच्या घडीस सर्वांत निर्वेध असा लेखनप्रकार होय.

टाचणवहीचे साधन

साध्या मजकुरास एक उणीव असते. नुसती अक्षरे ओळीने लिहीत गेले तर शंभर पानांनंतर त्यांत काहीही सापडत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डोमिनिक यांनी २००३ मध्ये ऑर्ग-मोड नावाचे साधन तयार केले. आपली टिपणे व आपली कामे एकाच फाइलमध्ये नीट लावता यावीत, ही त्यांची स्वतःची गरज होती. हे साधन ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या आत चालते. ईमॅक्सचा आरंभ १९७६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत झाला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ पासून त्याची मुक्त आवृत्ती सर्वांस खुली केली. २००७ च्या २२ व्या आवृत्तीपासून ऑर्ग-मोड ईमॅक्सबरोबरच मिळते. दोन्हींस दाम पडत नाही व परवाना विकत घ्यावा लागत नाही. भ्रमणध्वनीवर याच रीतीच्या फाइली वाचण्या-लिहिण्यासाठी ऑर्गझली हा कार्यक्रम मिळतो.

या साधनाचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : ओळीच्या आरंभी घातलेल्या थोड्या खुणांनी मजकुरास रचना येते, आणि त्या खुणा माणसासही वाचता येतात व यंत्रासही. यंत्र नाहीसे झाले तरी मजकूर व त्याची रचना दोन्ही डोळ्यांपुढे राहतात.

रचनेची कल्पना मराठी शिक्षकास नवी नाही. दासबोधात २० दशक आहेत, प्रत्येक दशकात १० समास आहेत व प्रत्येक समासात क्रमांक घातलेल्या ओव्या आहेत. त्यामुळे दशक, समास व ओवी एवढे सांगितले की सातशे पानांच्या पोथीतूनही नेमकी ओळ क्षणात निघते. भोरहून वरंध घाट उतरल्यावर लागणारी शिवथरघळ ही परंपरेने त्या ग्रंथाची जन्मभूमी मानली जाते. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस वाहिलेला आहे. ओळी समान असाव्या, अक्षर वाचणाऱ्यास सुखाचे असावे, हा विचार तेथे फार पूर्वी झाला आहे. ऑर्ग-मोडमधील रचना याच जातीची आहे.

पाच खुणा

पहिली खूण तारकेची. ओळीच्या अगदी आरंभी एक तारका, तिच्यापुढे एक मोकळी जागा आणि मग शब्द लिहिले की ते मुख्य शीर्षक होते. दोन तारकांचे उपशीर्षक, तीन तारकांचे त्याखालचे शीर्षक, याप्रमाणे पायऱ्या पाडाव्या. शीर्षकावर येऊन टॅब ही कळ दाबली असता त्याखालचा सर्व मजकूर मिटतो, पुन्हा दाबली असता उघडतो. दोनशे पानांची वही अशा रीतीने एका पडद्यावरच्या अनुक्रमणिकेएवढी होते.

दुसरी खूण कामाच्या स्थितीची. शीर्षकाच्या आरंभी एक ठराविक शब्द घातला की ते शीर्षक ‘करावयाचे काम’ ठरते. साधनात यासाठी मुळात इंग्रजी शब्द आहेत. परंतु फाइलच्या माथ्यावर एक ओळ लिहून त्यांच्या जागी ‘करणे’ व ‘झाले’ हे मराठी शब्द योजता येतात.

तिसरी खूण तारखेची. कोनाकृती कंसात वर्ष, महिना व दिवस या क्रमाने तारीख लिहिली असता यंत्र त्या नोंदीस दिनदर्शिकेत बसविते. ‘अमुक दिवशी आरंभ’ व ‘अमुक दिवसापर्यंत पूर्ण’ असे दोन प्रकार करता येतात, आणि दर आठवड्यास परत येणारे कामही एकदाच लिहून ठेवता येते. तारखेचे अंक मात्र आंतरराष्ट्रीय वळणाचेच घालावे लागतात, देवनागरी अंक यंत्र तारीख म्हणून ओळखत नाही.

चौथी खूण वर्गवारीची. शीर्षकाच्या शेवटी दोन विसर्गसदृश चिन्हांच्या मध्ये एखादा शब्द लिहावा, जसे ‘क्षेत्रभेट’ किंवा ‘जोडाक्षर’. पुढे त्या शब्दाच्या साऱ्या नोंदी, त्या वहीत कोठेही असोत, एकत्र मागविता येतात. खुणेच्या शब्दात मोकळी जागा सोडू नये. दोन शब्द असतील तर ते अधोरेषेने जोडावे.

पाचवी खूण चौकटीची. आडव्या रेघेपुढे मोकळा चौकोनी कंस काढला की तपासयादी तयार होते. काम झाले की त्या कंसात फुली पडते, आणि वरच्या शीर्षकात ‘इतक्यांपैकी इतकी झाली’ ही संख्या आपोआप बदलते.

या खुणांनी लिहिलेले टाचण पुढीलप्रमाणे दिसेल.

* इयत्ता चौथी : परिसर अभ्यास
 घटक : पाणी
* झाले गावातील विहिरी व हातपंप यांचा नकाशा
मुलांनी चार गटांत काढला. उत्तर दिशा दाखविण्यात दोन गट चुकले.
* करणे भाटघर धरण पाहण्यासाठी पालकांस पत्र :क्षेत्रभेट:
- [ ] मुख्याध्यापकांची संमती
- [ ] वाहनाची व्यवस्था
- [ ] मुलांनी विचारावयाचे प्रश्न

ईमॅक्सचे नावही न ऐकलेल्या शिक्षकास हे टाचण वाचता येईल. याहून मोठी कसोटी दुसरी नाही.

वर्गातील उपयोग

पहिला उपयोग नियोजनाचा. वार्षिक नियोजन, घटक नियोजन व दैनिक टाचण ही तीन कामे पुष्कळदा तीन वह्यांत होतात व तिन्हींचा मेळ राहत नाही. साध्या मजकुराच्या टाचणवहीत विषय हे पहिले शीर्षक, घटक हे दुसरे व दिवसाचा पाठ हे तिसरे, अशी एकच मांडणी पुरते. एखादा पाठ अतिवृष्टीच्या सुट्टीमुळे राहिला तर त्याची तारीख तेवढी बदलावी. राहिलेले पाठ दिनदर्शिकेच्या पानावर आपोआप वर येतात. वर्ष संपल्यावर ही वही टाकून देऊ नये. पुढील वर्षी तीच घेऊन, प्रत्येक पाठाखाली लिहिलेला अनुभव वाचून, तिच्यातच सुधारणा करावी. तीन वर्षांनी अशी वही ही त्या शाळेची, त्या गावाची स्वतःची अध्यापन-पुस्तिका होते.

दुसरा उपयोग बहुवर्ग अध्यापनाचा. तिसरी व चौथी एकाच खोलीत बसतात तेव्हा एका इयत्तेस प्रत्यक्ष शिकविताना दुसरीस स्वाध्याय देणे भाग असते. प्रत्येक पाठाच्या शीर्षकास ‘प्रत्यक्ष’ किंवा ‘स्वाध्याय’ अशी खूण लावली की आठवड्याचा तोल एका दृष्टिक्षेपात दिसतो. चौथीच्या वाट्यास सलग तीन दिवस नुसताच स्वाध्याय आला असेल तर ते कागदावरच उघड होते आणि मुलांवर अन्याय होण्यापूर्वी दुरुस्त करता येते.

तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे मुलाच्या प्रगतीचा. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन अमलात आले व आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवण्याची रीत पडली. या नोंदींचे खरे स्थान शिक्षणात फार मोठे आहे. परंतु सत्राच्या अखेरीस त्या एकाच बैठकीत लिहिल्या जातात, तेव्हा ‘वर्गकार्यात भाग घेतो’, ‘गृहपाठ वेळेवर करतो’ अशा एकसारख्या वाक्यांची पंगत बसते, आणि चाळीस मुलांत मूल कोठेच दिसत नाही. टाचणवहीत प्रत्येक मुलासाठी एक शीर्षक करावे व ज्या दिवशी काही दिसले त्याच दिवशी एक ओळ लिहावी. ‘४७ मधून १९ वजा करताना ९ मधून ७ वजा केले’ ही ओळ दहा विशेषणांहून अधिक सांगते. मूल लहान अंक मोठ्या अंकातून वजा करते, म्हणजे दशक सुट्टा करण्याची कल्पना त्यास उमगलेली नाही, हे त्या एका ओळीत आले. तिला ‘हातचा’ ही खूण लावली, तर महिन्याअखेरीस तीच अडचण असलेली सारी मुले एकत्र निघतात व त्यांच्यासाठी काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन एक निराळा तास ठेवता येतो. सत्राअखेरची वर्णनात्मक नोंद मग स्मरणातून रचावी लागत नाही. ती आधीच लिहिलेली असते.

गुणांची तक्तापत्रकेही या वहीत करता येतात. स्तंभांमध्ये उभ्या रेघा घातल्या की तक्ता होतो, आणि खाली सूत्र लिहिले असता बेरीज व सरासरी निघते. येथेही हिशेबाचे अंक आंतरराष्ट्रीय वळणाचे घालावे. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने तक्त्याचे स्तंभ पडद्यावर थोडे वाकडे दिसतात. त्याने हिशेबास बाध येत नाही, परंतु पाहणाऱ्याने गोंधळून जाऊ नये म्हणून हे सांगणे अवश्य आहे.

शिक्षकाचा स्वतःचा अभ्यास

शिक्षक हा आजन्म विद्यार्थी असतो हे वचन समारंभात पुष्कळ वेळा उच्चारले जाते, परंतु त्या विद्यार्थ्याची वही कोठे असते हे क्वचित विचारले जाते. पुष्कळ शिक्षक नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा अन्यत्र पुढील पदवीचा अभ्यास करतात. कित्येक जण केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचन करतात व कृतिसंशोधन लिहितात. या सर्व कामांत वाचलेले टिपून ठेवणे, ते पुन्हा सापडणे व त्यातून सलग लेख रचणे या तीन पायऱ्या असतात. टाचणवहीत एका ग्रंथास एक शीर्षक द्यावे. त्याखाली पृष्ठांकासह टिपण करावे व आपले मत निराळ्या ओळीवर, निराळ्या खुणेने लिहावे. ग्रंथकाराचे म्हणणे कोणते व आपले कोणते, हा भेद टिपतानाच राखला तर पुढे लिहिताना अनवधानाने दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून येत नाही. लेख रचताना शीर्षके वरखाली हलविता येतात, व हलविताना त्यांच्या पोटातील मजकूरही बरोबर जातो. तळटीपांची सोय आहे. २०२१ च्या ९.५ या आवृत्तीपासून ग्रंथनिर्देशाचीही सोय झाली आहे. लेख पुरा झाला की त्याच फाइलवरून छापण्याजोगी प्रत काढता येते. मराठीसाठी ती ओडीटी या प्रकारात काढून लिबरऑफिसमध्ये उघडणे सर्वांत सोपे पडते.

खेड्यातील शिक्षकाच्या हाती आणखी एक संशोधन आहे, ते शहरातील विद्वानासही साध्य नाही. ते म्हणजे गावच्या भाषेचे व जीवनाचे. मावळात भाताच्या शेतीचे राब, तरवा, चिखलणी, लावणी, मळणी असे शब्द आहेत. त्यांतील प्रत्येकामागे एक काम, एक ऋतू व एक अवजार आहे. एका शब्दास एक शीर्षक द्यावे. खाली अर्थ, सांगणाऱ्याचे अंदाजे वय व वाडी, आणि वाक्यात उपयोग लिहावा. मुलांनी घरून आणलेले शब्द त्यात भरत जावे. अशा पाचशे शब्दांची वही पुढील पिढीच्या कोशकारास किती उपयोगी पडेल याचा विचार करावा. भाताची खाचरे कमी होऊन तेथे इमारती उभ्या राहत आहेत. राब हा शब्द बोलणारी पिढी वर्गाबाहेर आहे तोवरच हे काम होऊ शकते.

मर्यादा व दक्षता

प्रत्येक साधनास मर्यादा असतात, त्या न सांगणे हा वाचकाचा विश्वासघात होय. ईमॅक्सच्या याद्या व सूचना इंग्रजीत आहेत, आणि त्याच्या कळांची सवय होण्यास काही आठवडे लागतात. मराठी टंकलेखन येत नसेल तर प्रथम इनस्क्रिप्ट शिकावे. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत, त्यामुळे बाराखडी जाणणाऱ्यास ते लवकर साधते. दुसरे असे की या वहीने शासकीय नोंदवह्यांची जागा घेतली जात नाही. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक व विहित नमुने ठरल्याप्रमाणेच ठेवावयाचे असतात, आणि युडायस प्लस इत्यादींची माहिती त्या त्या ठिकाणीच भरावयाची असते. टाचणवही ही त्या कामास लागणारी कच्ची माहिती जवळ ठेवते एवढेच.

तिसरी दक्षता मुलांच्या माहितीची. साधी फाइल कोणासही उघडता येते, हा तिचा गुण येथे दोष ठरू शकतो. म्हणून मुलाच्या शीर्षकात नावाऐवजी हजेरी क्रमांक घालावा. आधार क्रमांक, आजार, घरातील कलह यांसारख्या गोष्टी या वहीत मुळीच लिहू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बालकांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. कायदा नसता तरीही शिक्षकाचा धर्म हाच राहिला असता. समूहावर फाइल पाठविण्यापूर्वी मुलांचा भाग वेगळा काढावा.

चौथी दक्षता प्रतींची. एकच प्रत म्हणजे प्रत नव्हे. शाळेच्या संगणकावर एक, पेन ड्राइव्हवर दुसरी व शिक्षकाच्या घरी तिसरी अशा तीन प्रती ठेवाव्या. दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी त्या अद्ययावत कराव्या, आणि हेच काम वहीत दर आठवड्यास परत येणारे म्हणून नोंदवून ठेवावे.

पाचवी गोष्ट मोहाची. या साधनात शोभेच्या व सोयीच्या युक्त्या अगणित आहेत. वही सजविण्यातच संध्याकाळ गेली तर तिचा हेतू विफल झाला. मुलास ज्याचा उपयोग होत नाही ती खूण वहीत नसलेली बरी.

आरंभ कसा करावा?

पहिल्या आठवड्यात एकच फाइल करावी. तिच्या नावात शाळा, इयत्ता व वर्ष असावे व शेवटी टिंब देऊन ‘ऑर्ग’ ही तीन अक्षरे रोमन लिपीत घालावी. त्या आठवड्यात केवळ तारका वापराव्या. दुसऱ्या आठवड्यात ‘करणे’ व ‘झाले’ यांची सवय करावी. तिसऱ्या आठवड्यात रोज तीन मुलांविषयी एकेक ओळ लिहावी. पंधरा-वीस मुलांचा वर्ग असेल तर आठवड्याभरात जवळजवळ सारा वर्ग डोळ्यांखालून जातो. चौथ्या आठवड्यात वर्गवारीच्या दोन-तीन खुणा लावाव्या व शनिवारी त्या मागवून पाहाव्या. तक्ते, तळटीपा व छपाई यांच्याकडे त्यानंतर वळावे.

ज्या शाळेत संगणक बंद आहे किंवा नाहीच, तेथेही ही रीत निरुपयोगी नाही. दोनशे पानी वहीत हाताने तारका काढून, समासात वर्गवारीचा शब्द लिहून व शेवटच्या पानावर त्या शब्दांची सूची ठेवून तेच काम होते. शोधण्यास थोडा अधिक वेळ लागेल, परंतु पाहण्याची व लिहून ठेवण्याची सवय जडेल. यंत्र पुढे आले तर ती सवय यंत्राच्या कामी येईल, आणि न आले तरी मुलांच्या कामी येईलच.

एका केंद्रातील दोन-तीन शाळांनी एकच रचना स्वीकारली तर लाभ वाढतो. एका शाळेत साधलेला पाठ दुसऱ्या शाळेच्या वहीत जसाच्या तसा बसतो, आणि शिक्षण परिषदेत ‘काय केले’ या प्रश्नास तोंडी उत्तराबरोबर लेखी आधार मिळतो.

शेवटी पुन्हा बदलीच्या दिवसाकडे यावे. ज्या शिक्षकाने अशी वही ठेवली आहे, त्याच्या चार्जच्या यादीत किल्ल्यांखाली आणखी एक ओळ वाढते : टाचणवही, प्रती तीन. नवा शिक्षक पहिल्याच दिवशी ती उघडतो. नववा क्रमांक हातच्यात अडतो आणि काड्यांनी शिकविले असता समजतो, हे तो वाचतो. दुसऱ्या दिवशी तो काड्या घेऊनच वर्गात जातो. जाणाऱ्या शिक्षकास ती मुले पुन्हा भेटोत वा न भेटोत, त्याने त्यांच्यासाठी घेतलेले श्रम वाया जात नाहीत.